काम मिळतं, पैसे काढावे लागतात: सोलापुरात फ्रीलान्स लेखन सुरू करणाऱ्यांसाठी

नवी पेठेत जुना वर्गमित्र भेटला की विचारतो, "काय करायलाय सध्या?" मी म्हणतो, "लिहितो." तो जरा थांबतो. "ते कळलं बे, पण पोटाला काय करतोस?"

चौदा वर्षं झाली, पोटालाही तेच करतोय. मधे नोटाबंदी येऊन गेली, २०२० चं लॉकडाऊन झालं. मग ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क लावलं. त्याचा लिहिणाऱ्याशी काय संबंध, असं वाटेल. पण मी तेव्हा अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल निर्यातदाराचं माहितीपत्रक लिहीत होतो. बातमी आल्यावर चार दिवसांनी मालकांचा फोन आला. "सर, ते जरा राहू द्या आता." अर्धं झालेलं काम तिथंच राहिलं. निम्मे पैसे आधी घेतले होते म्हणून मी त्या दिवशी रात्रीचं जेवण नीट जेवलो.

हल्ली महिन्याला दोन-तीन मुलंमुली भेटायला येतात. कुणाची पुण्यातली नोकरी गेलेली असते, कुणी पत्रकारिता शिकून घरी बसलेलं असतं. चांगलं कसं लिहायचं ते मी सांगेन अशी त्यांची अपेक्षा असते. मी उधारीबद्दल बोलतो आणि ती थोडी हिरमुसतात. मंदीत काम कमी होतं हे खरं, पण त्याच्या आधी पैसे यायचे दिवस लांबतात. तिसाचे साठ होतात, साठाचे नव्वद. २०२० मध्ये माझं कंबरडं मोडलं ते काम नव्हतं म्हणून नाही. बाहेरगावच्या एका एजन्सीकडे तीन महिन्यांचं लिहून दिलेलं काम अडकलं होतं आणि तिकडून फोन उचलणं बंद झालं होतं. ते पैसे आजतागायत आले नाहीत. त्यानंतर मी जे शिकलो ते खाली क्रमानं लिहितो.

१. आधी घराचा आकडा

हातात नोकरी असेल तर मंदीत सोडू नका. सकाळचे दोन तास काढून सुरुवात करा. नोकरी गेलीच असेल तर आज रात्री वही घेऊन बसा. भाडं, किराणा, दूध, गॅस, वीज, इंटरनेट, पेट्रोल, औषधं, फी, हप्ते. समजा बेरीज २०,००० आली. महिन्यात कामाचे दिवस २४ धरून तुम्ही लगेच भागाकार कराल आणि म्हणाल, दिवसाला साडेआठशे रुपये मिळाले की झालं.

इथंच गाडी घसरते. चोवीस दिवस तुम्ही लिहिणार नाही. निम्मे दिवस काम शोधण्यात, फोनवर, "मालक जेवायला गेलेत, चारला या" ऐकण्यात आणि बिलामागे फिरण्यात जातात. ज्याचे पैसे मिळतात असे दिवस बाराच धरा. शिवाय आजारपण, लॅपटॉपची दुरुस्ती आणि बुडणारी बिलं यांच्यासाठी खर्चावर पाचवा हिस्सा चढवा. म्हणजे २४,००० भागिले १२. लिहिण्याच्या एका दिवसाचे २,००० रुपये. हा तुमचा आकडा. उद्या कुणी दोन दिवसांच्या कामाचे हजार रुपये देऊ केले तर घ्या किंवा सोडा, पण त्यात तुम्ही तीन हजार खिशातून घालताय हे ठाऊक असू द्या.

पुण्यामुंबईचे ग्राहक एक युक्तिवाद हमखास करतात: तुम्ही सोलापुरात राहता, तुमचा खर्च कमी, मग दर कमी लावा. यावर मी विचारतो, सोलापुरी चादर पुण्याच्या दुकानात स्वस्त मिळते का? बहुतेक वेळा हसतात आणि विषय बदलतात. इथला कमी खर्च हा तुमचा श्वास आहे, त्याची सूट त्यांना द्यायची नाही.

२. मंदीतही कुणाला लिहून घ्यावंच लागतं?

बाजार पडला की धंदेवाला पहिली कात्री जाहिरातीला लावतो. त्यामुळे सोशल मीडियाच्या पोस्टी, घोषवाक्यं, सणाच्या शुभेच्छा ही कामं पहिल्या महिन्यातच गळतात. नवी मुलं नेमकी याच कामांच्या मागे लागतात, कारण ती दिसतात. तुम्ही त्या ग्राहकाकडे जा, ज्याला कायद्यानं किंवा हंगामानं लिहून घ्यावंच लागतं.

आपल्या जिल्ह्यात असा पहिला ग्राहक म्हणजे सहकारी संस्था. पतसंस्था, नागरी बँका, साखर कारखाने, सेवक सोसायट्या. आर्थिक वर्ष संपल्यावर ३० सप्टेंबरच्या आत त्यांना वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते आणि त्याआधी अहवाल छापून सभासदांच्या हातात जावा लागतो. बाजारात मंदी असो की तेजी, अहवाल चुकत नाही. त्यातले ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, लेखापरीक्षकांचा अहवाल यांना तुम्ही हातही लावायचा नाही. तुमचं काम म्हणजे चेअरमनचं मनोगत आणि वर्षाचा आढावा. बहुतेक ठिकाणी सेक्रेटरी मागच्या वर्षीची फाइल उघडून आकडे बदलतात आणि प्रेसला धाडतात. एका संस्थेच्या अहवालांत मी श्रद्धांजलीच्या यादीत ओळीनं दोन वर्षं तीच नावं वाचली आहेत. सभेत कुणीतरी उठून विचारलंच, "हे परत वारले काय?" असं एकदा झालेल्या संस्थेला तुमची किंमत समजावून सांगावी लागत नाही. जूनमध्ये जा. ऑगस्टमध्ये गेलात तर फाइल प्रेसमध्ये पोचलेली असते.

दुसरा ग्राहक गणवेश शिवणारा कारखानदार. शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, पण ऑर्डरी त्याच्या कितीतरी महिने आधी ठरतात, आणि तेव्हा शाळांना दाखवायला कॅटलॉग लागतो. बाजार कितीही पडला तरी पोरं वर्षाला दोन इंच वाढतात, कपडे लागतातच. या कामाबद्दल पुढच्या टप्प्यात सांगतो, कारण मला लिहायला तिथंच शिकवलं गेलं.

तिसरे दवाखाने. धाराशिव, लातूर, विजयपूर, कलबुर्गी या बाजूंनी रुग्ण सोलापुरात येतात. ऑपरेशननंतर घरी काय करायचं, टाक्याला पाणी लागू द्यायचं की नाही, कोणती लक्षणं दिसली तर लगेच परत यायचं, हे साध्या मराठीत एका पानावर लिहून देणारा माणूस मोठ्या दवाखान्याला हवा असतो. इथं एक नियम पाळा: वैद्यकीय मजकूर डॉक्टरांचा, भाषा तुमची, आणि शेवटच्या मसुद्यावर डॉक्टरांची सही. तेच पान कन्नड आणि तेलुगूतही हवं असतं. सोलापुरात हे दोन्ही लिहिणारा मित्र शोधायला फार लांब जावं लागत नाही. पूर्व भागात अर्ध्या घरांत तेलुगू बोलतात. तिघांनी मिळून एक दर द्या. पुण्याच्या एजन्सीला जे जमत नाही ते तुम्हाला चहाच्या टपरीवर जमतं.

आणि चौथा ग्राहक, माझा सगळ्यात लाडका: निवृत्त माणूस. मास्तर, बँकेतले अधिकारी, मिलमधले जुने जॉबर, म्हणजे मुकादम. त्यांना आपलं आयुष्य लिहून ठेवायचं असतं, साठ-सत्तर पानांचं, शंभर प्रती, नातवंडांना आणि भावकीला वाटायला. ते बोलतात, तुम्ही रेकॉर्ड करता आणि लिहून काढता. १८७७ साली सुरू झालेली जुनी मिल आणि तिच्यामागून आलेल्या गिरण्या यांच्या भोंग्यावर ज्यांचं घड्याळ चाललं, त्या पिढीतली आता थोडीच माणसं उरली आहेत. हे काम मंदीत का टिकतं? त्याचे पैसे धंद्यातून येत नाहीत, पेन्शनमधून येतात. आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पेन्शन हातात असते, म्हणून बिल त्या आठवड्यात द्यायचं. पण एक धोका आहे. आजोबा "आणखी एक आठवलं" म्हणून रोज फोन करतात. बैठका किती ते आधी ठरवा. मी आठ ठरवतो, नववीला चहाच्या जोडीला बिल.

वर्तमानपत्रांच्या पुरवण्या, दिवाळी अंक, आकाशवाणी सोलापूर केंद्रावरची भाषणं हे सगळं जरूर करा, नावासाठी. घर त्यावर चालेल असं धरू नका. दिवाळी अंकाला मजकूर द्यायचा तर गणपती बसायच्या आधी.

३. नमुने आधी, ग्राहक नंतर

"अनुभव काय?" या प्रश्नाला नवख्याकडे उत्तर नसतं. म्हणून कुणी न सांगता तीन नमुने तयार करा. एक अहवालातला आढावा, एक उत्पादनाचं पान, एक दवाखान्याची सूचना. खऱ्या संस्थेचं नाव घालू नका. छापून फाइलमध्ये घाला. मोबाइलवर दाखवलेलं पान मालक दोन सेकंद बघतात, हातात दिलेला कागद वाचतात.

नमुना कसा असावा हे मला एका गणवेशवाल्यांनी शिकवलं. मी मोठ्या हौसेनं लिहून नेलं होतं: "उत्कृष्ट दर्जा, माफक दर, तत्पर सेवा." त्यांनी वाचलं, ड्रॉवर उघडला, शेजारच्या कारखान्याचं कार्ड काढून माझ्यापुढे ठेवलं. त्यावर तेच सहा शब्द होते.

"सर, हे तर त्याच्याकडं पण हाय."

मी गप्प. मग मी विचारलं, "मालक, हेडमास्तर तुम्हाला फोनवर काय विचारतात?"

"काय विचारणार? रंग जातो का. मोठी साइझ शेवटी कमी पडते का. अन् मधेच पोरगं आलं, तर एक नग मिळंल का."

मी तिथंच बसून लिहिलं: "कापड ६५ टक्के पॉलिस्टर, ३५ टक्के व्हिस्कोस. मोठ्या मापांचे जादा नग आधीच शिवून ठेवतो. वर्षाच्या मध्ये प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला त्याच रंगात एक नगही मिळेल." कॅटलॉग गेल्यावर मालक म्हणाले, शाळांचे फोन त्या शेवटच्या वाक्यावर येताहेत. शर्टाच्या फोटोंवर त्यांनी माझ्या फीच्या तिप्पट खर्च केला होता, पण फोन त्या वाक्यावर आले.

तेव्हापासून मी लिहायला बसायच्या आधी एवढंच विचारतो: तुमच्या गिऱ्हाइकाचा फोन येतो तेव्हा तो पहिलं काय विचारतो?

४. दर सांगताना

मराठीत शब्दांवर दर लावलात तर नुकसान तुमचं. आपल्याकडे विभक्ती शब्दाला चिकटते. "शाळेच्या मुलांसाठी" हे मराठीत दोन शब्द, इंग्रजीत तेच सांगायला सहा लागतात. इंग्रजीवरून भाषांतर करत असाल तर दर मूळ इंग्रजी शब्दांवर ठरवा, आणि तसं लिहून घ्या. पहिल्या भाषांतरात मी मराठी शब्द मोजले होते. बिल पाहून ग्राहक इतका खूश झाला की मला तिथंच संशय यायला हवा होता.

बाकी कामांना अख्ख्या कामाचा दर सांगा. किती दिवस लागतील ते प्रामाणिकपणे मोजा, पहिल्या टप्प्यातल्या आकड्यानं गुणा, सांगा आणि गप्प बसा. गप्प बसणं अवघड जातं. नवखा माणूस आकडा सांगतो आणि समोरचा काही बोलायच्या आत स्वतःच "पण कमी-जास्त करू" म्हणून मोकळा होतो.

मंदीत "सध्या परिस्थिती बघताय ना" हे वाक्य रोज ऐकाल. परिस्थिती खरंच वाईट असते, खोटं कुणी बोलत नाही. तेव्हा दर उतरवू नका, काम उतरवा. सोळा पानांऐवजी आठ पानं. आठ बैठकांऐवजी पाच. दर एकदा खाली आला की बाजार सुधारल्यावरही तो वर जात नाही, हे यंत्रमागावर जॉबवर्क करणारा कुणीही तुम्हाला सांगेल.

५. ठरलेलं लिहून घ्या

करारपत्र, स्टॅम्प पेपर म्हटलं की छोटा ग्राहक बिचकतो. मला व्हॉट्सॲपवरचा एक संदेश पुरतो. माझा साधारण असा असतो:

"नमस्कार मालक. ठरल्याप्रमाणे १६ पानी कॅटलॉगचा मराठी मजकूर, एकूण १२,००० रुपये. निम्मे काम सुरू करताना, उरलेले अंतिम मजकूर दिल्यापासून १५ दिवसांत. दोन वेळा दुरुस्ती यातच, पुढच्या प्रत्येक वेळेचे १,००० वेगळे. फोटो, मापं, कापडाची माहिती तुमच्याकडून २० तारखेपर्यंत. मजकूर त्यानंतर १० दिवसांत. पूर्ण पैसे मिळाल्यावर मजकूर तुमच्या नावावर. बरोबर असेल तर 'ठीक' असं कळवा."

"ठीक" आल्याशिवाय एक ओळ लिहायची नाही. आणि निम्मे पैसे आल्याशिवाय "ठीक"लाही अर्थ नाही. ॲडव्हान्स द्यायला जो कां-कूं करतो तो शेवटचं बिल हमखास लांबवतो. चौदा वर्षांत याला अपवाद मला एकच भेटला.

मजकूर कुणाच्या नावावर, हे वाक्य उगीच नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे नोकरीत नसलेल्या लेखकाच्या लिखाणाचा पहिला मालक लेखकच असतो. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी द्यावा लागतो, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात. माहितीपत्रकाचे हक्क खुशाल देऊन टाका, ते तुमच्या काय कामाचे? पण गोष्ट, मालिका, पुस्तकाचा मजकूर असेल तर कशासाठी देताय आणि किती वर्षांसाठी, हे वाचल्याशिवाय अंगठा उमटवू नका.

६. उद्यम नोंदणी: मुनीमजींशी बोलायची भाषा

हा टप्पा बहुतेक जण वगळतात. त्यांना वाटतं उद्यम नोंदणी, म्हणजे सरकारदरबारी छोट्या उद्योगाची नोंद, कारखान्यांसाठी असते. सेवा देणारा एकटा माणूसही सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदवता येतो. आधार आणि पॅन लागतो, सगळं ऑनलाइन, शुल्क शून्य. पैसे मागणारं पान उघडलं असेल तर ते सरकारी नाही, बंद करा.

२००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे तुमचं काम स्वीकारल्यावर ग्राहकानं ठरलेल्या मुदतीत पैसे द्यायचे असतात, आणि ही मुदत लेखी ठरवली तरी ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. लेखी काहीच नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. तक्रारीसाठी सरकारी पोर्टल आहे. नोंदणी मात्र काम घ्यायच्या आधीची हवी. पैसे अडकल्यावर धावत जाऊन केलेली नोंदणी त्या जुन्या बिलाला वाचवत नाही.

खरं सांगायचं तर तक्रार मी कधीच केली नाही. आपलं शहर लहान आहे. आज ज्याच्यावर तक्रार केली तो उद्या सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेत समोर येतो. मला उपयोग झाला तो आयकराच्या नियमाचा. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं देणं मुदतीबाहेर थकवून ३१ मार्च ओलांडला, तर ग्राहकाला तो खर्च त्या वर्षाच्या हिशेबात दाखवून कर वाचवता येत नाही; प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच दाखवता येतो. हे मालकांना सांगून उपयोग नाही, ते "बघू" म्हणतात. त्यांच्या अकाउंटंटला सांगा. मी बिलावर उद्यम क्रमांक ठळक छापतो. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात एका पेढीच्या मुनीमजींना फोन केला, "काका, माझं डिसेंबरचं बिल राहिलंय, आणि मी उद्यममध्ये आहे." पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "आधी सांगायचं नाही का," म्हणाले. दोन दिवसांत पैसे जमा झाले. मालकांनी तीन महिने "बघू" म्हटलेलं बिल होतं ते.

कराचं थोडक्यात सांगतो. सेवांसाठी जीएसटी वर्षाला २० लाखांच्या उलाढालीनंतर, त्यामुळे पहिली काही वर्षं त्याची काळजी नको, आणि बिलावर जीएसटी लावायचाही नाही. मोठी कंपनी तुमच्या फीमधून बहुधा १० टक्के टीडीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापते. पॅन दिला नसेल तर २०. हे पैसे गेलेले नसतात, तुमच्या नावावर सरकारकडे जमा असतात. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर कर भरावा लागत नाही, पण विवरणपत्र भरल्याशिवाय कापलेला टीडीएस परत मिळत नाही. वर्षातून एकदा सीएची फी द्या, ती वसूल होते.

७. प्रेसमधला फॉन्ट

आता माझी सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट. एका पतसंस्थेचा अहवाल मी लिहिला, युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइलवर आपण वापरतो त्या मराठीत, टाइप करून प्रेसला दिला. अनेक प्रेसमध्ये अजून जुने, युनिकोड नसलेले फॉन्ट चालतात. तिथं मजकूर एका फॉन्टमधून दुसऱ्यात नेताना रफार आणि ऱ्हस्व वेलांटी जागा सोडतात. आतली सगळी पानं मी डोळ्यांत तेल घालून तपासली. मुखपृष्ठ नाही तपासलं. मुखपृष्ठावर चार शब्द, त्यात काय तपासायचं?

आठशे प्रती छापून आल्या. मुखपृष्ठावर सोनेरी अक्षरांत: "वाषिर्क अहवाल".

प्रूफवर सही माझी होती. प्रेसवाल्यांनी ती शांतपणे काढून दाखवली. सेक्रेटरी, शिपाई आणि मी अशा तिघांनी रात्री एक वाजेपर्यंत बसून आठशे स्टिकर चिकटवले, आणि स्टिकरचा खर्च माझ्या फीमधून गेला. तेव्हापासून मजकुरासोबत पीडीएफही देतो, म्हणजे मूळ कसं दिसतं ते डीटीपीवाल्याला कळतं. आणि प्रूफ हातात आलं की आधी मुखपृष्ठ, मग मथळे, मग फोटोंखालच्या ओळी, आणि सगळ्यात शेवटी मजकूर. "वर्ष", "आर्थिक", "निर्णय", "मार्गदर्शन" हे शब्द शोधून शोधून बघायचे. इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डवर टाइप करायला शिका. दोन आठवडे चिडचिड होते, मग आयुष्यभराचा वेग येतो.

८. "एआय फुकट लिहून देतं"

देतं. त्याच्याशी भांडत बसू नका, सणाच्या शुभेच्छा आणि ठरावीक पोस्टी त्याच्याकडे गेल्या त्या गेल्या. ग्राहक आता मशीनचा मजकूर पाठवतात आणि म्हणतात, "फक्त एकदा नजर टाका, शंभर रुपये देतो." नजर टाकायचे पैसे घेऊ नका, तासाचे घ्या. टॉवेलच्या एका माहितीत "पक्का रंग" असायला हवं तिथं "वेगवान रंग" आलेलं मी पाहिलंय. इंग्रजी "फास्ट" शब्दाचा तो अर्थ कोशात बरोबर आहे, पण चाटी गल्लीतल्या कापडदुकानातला पोऱ्याही त्यावर हसेल. असा मजकूर सुधारायला कधी कधी नव्यानं लिहिण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. मी पहिलं पान सुधारून दाखवतो, किती वेळ लागला ते सांगतो आणि मग दर बोलतो. निम्मे ग्राहक म्हणतात, मग तुम्हीच लिहा. बाकीचे निम्मे जातात. जाऊ द्यावेत.

९. वसुलीची वही

मोबाइलमध्ये ठेवा किंवा कागदावर, पण ही वही रोज उघडायची. नाव, काम, रक्कम, मजकूर कधी दिला, ठरलेली तारीख, शेवटचा फोन कधी, ते काय म्हणाले. "पुढच्या सोमवारी" म्हणाले असतील तर तसंच्या तसं लिहा आणि सोमवारी त्यांचंच वाक्य त्यांना ऐकवा. तारीख उलटल्यावर आठवड्यानं पहिला संदेश, नुसतं बिल, वर एक नमस्कार. दुसऱ्या आठवड्यात फोन. तिसऱ्या आठवड्यात स्वतः जा. सोलापुरात कुठूनही कुठंही अर्ध्या तासात पोचता येतं, या सोयीचा उपयोग करा. रागावू नका. "मालक, दुधाचं बिल द्यायचंय" एवढं म्हणालात तरी पुरतं. आणि जुनं बिल बाकी असताना त्याच ग्राहकाचं नवं काम हातात घेऊ नका. "हे करा, दोन्हींचे एकदम देतो" हे ऐकायला गोड लागतं. माझे बाहेरगावचे तीन महिने असेच एकावर एक चढले होते.

एकाच ग्राहकाकडे महिन्याच्या कमाईचा तिसरा हिस्सा अडकला की मी त्याचं पुढचं काम थांबवतो, मग तो कितीही भला माणूस असो. मंदीत भली माणसंही बुडतात, आणि त्यांच्याकडे मागायला आपल्याला जास्त लाज वाटते.

वहीच्या शेवटच्या पानावर वर्षाचे महिने मांडून ठेवा. जून ते ऑगस्ट अहवाल, गणपतीच्या आधी दिवाळी अंक, थंडीत कॅटलॉग, मार्चमध्ये वसुली. एप्रिल आणि मे रिकामे जातात, आणि उन्हानं दुपारी डोकं चालत नाही. त्या दोन महिन्यांचा किराणा मार्चच्या वसुलीतून बाजूला काढून ठेवायचा. तेव्हाच निवृत्त आजोबांच्या बैठका ठेवतो मी, सकाळी सात ते नऊ, त्यांच्याच अंगणात. चहा त्यांच्याकडचा.

माझ्या वहीत आज चार नावं उघडी आहेत. त्यातल्या एकांनी "गुरुवारी बघू" म्हटलं होतं, आणि आज गुरुवार आहे. साडेअकराला फोन लावायचा. बाराला ते जेवायला जातात.